आईच्या तक्रारी

भीमराजदादा,

माझं लक्ष टिकत नाही, हा आजार असेल का, असं विचारलं तर नगरचे डॉक्टर म्हणाले, हे लहान मुलांनाच होतं. मी हटले नाही. संगमनेरला मानसोपचारतज्ज्ञ बाई सापडल्या. त्यांनी माझं बालपण पाहिलेलं माणूस आणायला सांगितलं. तू मला आळशी म्हणतोस, म्हणून आईला नेलं.

आईनं तक्रारी सुरू केल्या. "दप्तर शाळंत, चप्पल नदीवर, दूध रोज उतू. लई येंधळी हाय!"

डॉक्टर सगळं लिहून घेत होत्या. तपासण्यांनंतर म्हणाल्या, "हा आळस नाही, एडीएचडी आहे, लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. उपचार आहेत."

आई बाहेर येऊन म्हणाली, "आता भीमराजनं आळशी म्हनून दावावं!"

गोळ्या चालू आहेत. तुला लिहिलेली सगळी पत्रं अर्धी राहिली. हे पहिलंच एका बैठकीत पूर्ण झालं, त्याची आठवण म्हणून माझ्याजवळच ठेवते.

तुझीच,
भारती