उजव्या हाताची वादी

दापोडी,
६ ऑक्टोबर २०२४

ति. भिवामामांस,
मैत्रीचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर बोलून उपयोग नाही, म्हणून पत्र. चाळीस वर्षं कंपनीच्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये काढून तुमचे कान गेले आणि कानातलं मशीन तुम्ही कपाटात जपून ठेवलंय, असं मामी सांगते. तेव्हा मोठ्या अक्षरात लिहितेय.

चाकण रस्त्यावरच्या घोडेस्वारीच्या शाळेत मी तबेला झाडायला लागले, त्याला दोन वर्षं झाली. निवृत्त रिसालदार सोपानराव तिथले उस्ताद. त्यांनीच मला घोडीवर बसवलं आणि आता म्हणतात, पंधरा डिसेंबरला ड्रेसाजची परीक्षा दे. म्हणजे शर्यत नाही, उड्या नाहीत. हाताच्या नुसत्या इशाऱ्यावर घोडीनं रिंगणात शांतपणे चालायचं, वळायचं, थांबायचं. पास झाले तर मुलांना शिकवायची नोकरी पक्की. नाही तर झाडू आहेच.

अडतंय लगामाशी. त्याची वादी करंगळी आणि शेजारच्या बोटामधून जाते. ती दोन्ही माझ्या उजव्या हाताला नाहीत, हे तुम्हाला काय सांगायचं. घाम आला की उजवी वादी सरकते आणि शहाणी तिरकी चालते. शहाणी म्हणजे आमची घोडी, गुण नावाच्या उलटे. दुकानात गुळगुळीत, विणलेले, रबराचे, पट्ट्याचे, सगळे लगाम पाहिले. सगळे पाच बोटांच्या हातासाठी. तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या हत्यारांना मुठी बसवून दिल्यात. माझ्या हाताला धरवेल असं काही करून द्या.

आई बरी आहे. मामीला जय भीम. कान गेले तरी लोभ शाबूत ठेवा.

तुमची,
मैत्री


औसा,
१८ ऑक्टोबर २०२४

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र तीनदा वाचलं. मामी म्हणाली, एवढं लक्ष देऊन माझं कधी ऐकलं नाही.

सोबत लगाम पाठवतो. चामड्यावर स्टिअरिंगच्या कव्हरचं रबर चढवलंय, दुहेरी. कितीही घाम आला तरी सरकायची नाही. उजव्या बाजूला मनगटासाठी फासा शिवलाय. त्यात हात घाल आणि आवळ, म्हणजे मूठ सुटली तरी वादी सुटणार नाही. खिडकीच्या गजाला बांधून ओढून पाहिलाय. गज हलला, टाका हलला नाही.

पास हो. तुझ्या हाताचं माझ्याकडून काही भलं होऊ दे, एवढंच मागणं. आईला जय भीम सांग आणि मामाला विसरू नकोस.

तुझा,
भिवामामा


दापोडी,
२७ ऑक्टोबर २०२४

ति. भिवामामांस,
सविनय जय भीम. वि. वि.

लगाम मिळाला. रागावू नका, पण तो चालत नाही. रबर इतकं जाड की मूठ मिटत नाही आणि घोडीच्या तोंडाची हालचाल बोटांना कळत नाही. कळत नाही म्हणून मी ओढत राहते. शहाणीच्या ओठांच्या कडा लाल झाल्या.

फासा तर सोपानरावांनी तिथल्या तिथं चाकूनं कापला. स्वार पडला तर अडकलेल्या हातासकट फरपटत जातो, म्हणाले. हात बांधून टाकायची अक्कल कुणाची, असं विचारत होते. मी हसून सांगितलं, आमच्या कंपनीची पद्धत आहे.

मग मात्र हसू आलं नाही. आमच्या सात नंबरच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे एकही हात साच्यात राहत नाही. त्यातलं उजवं बटण रबरी पट्टीनं कायमचं दाबून बांधलेलं होतं, काम भराभर उरकावं म्हणून. मी लागले तेव्हापासून तसंच. चौकशीत पट्टीचं नावही आलं नाही. मी घाई केली, एवढंच लिहिलं गेलं.

असो. बारीक, हलकं काही जमेल का? दीड महिना उरलाय. माया आहे, ती राहू द्या.

तुमची,
मैत्री


औसा,
५ नोव्हेंबर २०२४

मैत्री,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ती पट्टी मी बांधली. दोन हजार अकरा साली मी सेटर होतो, प्रेसवर साचे बसवायचो, तेव्हा. तासाला तीनशे नग निघायचे ते साडेचारशे निघाले. साहेबांनी सगळ्यांदेखत शाल दिली. ती तुझी आई थंडीत पांघरते. पुढच्या सेटरलाही ही युक्ती मीच शिकवली. शब्द टाकून तुला तिथं लावलं, ते मीच. आणि तुझा हात गेला तेव्हा चौकशीत, पोरगी नवी आहे, घाई केली, असं सांगितलं तेही मीच. निवृत्तीला दोन महिने होते. पट्टीचं निघालं असतं तर माझं नाव निघालं असतं.

तीन वर्षं तू स्वतःला दोष देत आलीस आणि मी ऐकू येत नाही म्हणून गप्प बसलो. कानातलं मशीन मुद्दाम कपाटात आहे.

आता पुन्हा तुझा हात बांधायला निघालो होतो. लगाम दुसऱ्या कुणाकडून करून घे.

भिवा


दापोडी,
१४ नोव्हेंबर २०२४

भिवामामा,
जय भीम.

पत्र आईला दाखवलं. तिनं शाल घडी करून पेटीत टाकली. मला फार राग आलाय. तीन वर्षं रोज वेणी घालताना मी स्वतःला म्हणत आले की क्षणभर थांबायला हवं होतं. ते तुम्ही मला म्हणू दिलंत.

माझी मैत्रीण साक्षी आज सात नंबरवर आहे. माझ्यानंतर महिनाभर पट्टी निघाली होती, मग पुन्हा बांधली. लगाम मला तुमच्याच हातचा हवा. पण आधी ती पट्टी सोडा. बांधली तुम्ही, सोडायलाही तुम्हीच या. मशीन कानात घालून या.

मैत्री


दापोडी,
१६ डिसेंबर २०२४

ति. प्रभावतीमामीस,
सविनय जय भीम. वि. वि.

मामा आमच्याकडं आहेत, काळजी नको. चार दिवस ते शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे की सात नंबरची पट्टी मी बांधली, भाचीची बोटं माझ्यामुळं गेली. राव, घरी जा आता, असं म्हणून काही हसले. चौथ्या दिवशी साक्षी आणि तिच्या बरोबरीच्या अकरा जणींनी प्रेसला हात लावायचं नाकारलं. तेव्हा आतून बोलावणं आलं. पट्टी मामांनीच सोडली. आईनं ती त्या शालीत गुंडाळून ठेवलीय.

काल परीक्षा झाली. मामांनी आणलेला लगाम बारीक सुती पट्ट्याचा, मऊ. शहाणीनं ओठ हलवला तरी बोटांना कळतं. वादी आता अंगठ्याशेजारच्या दोन बोटांमधून जाते आणि तिच्यावर शिवलेला चामड्याचा आडवा तुकडा नेमका तिथंच अडतो. एकदाही सरकली नाही. पास झाले, काठावर. सोपानरावांनी विचारलं, हाताचं माप कुणी घेतलं? कुणीच घेतलं नव्हतं. मामा सांगत नाहीत. तुला ठाऊक आहे का?

राग गेला असं लिहिणार नाही. काल त्यांना मी माझ्या हातानं वाढलं, एवढं खरं. तुझी माया असू दे.

तुझी,
मैत्री


औसा,
२३ डिसेंबर २०२४

चि. मैत्रीस,
मामीचे खूप आशीर्वाद.

माप मी पाहिलंय. तुझं रागाचं पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी उजव्या हाताची शेवटची दोन बोटं चिंधीनं तळहाताशी बांधून घेतली. जेवण, दाढी, लगामाचा टाका, सगळं उरलेल्या बोटांनी. वरण सांडायचं. भरवू का म्हटलं तर नको म्हणायचे. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं.

निघायच्या सकाळी त्यांनी माझ्यापुढं हात केला आणि सोड म्हणाले. गाठ इतकी घट्ट बसली होती की मला दात लावावे लागले. बोटं मोकळी झाली तशी त्यांनी ती उघडून मिटून पाहिली. मग म्हणाले, माझी उघडली गं. आणि मोठ्यानं रडायला लागले. मशीन कानात होतं. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले, पण काढलं नाही.

लोभ वाढेल तेव्हा वाढू दे. तोवर आहे तेवढा राहू दे.

तुझी,
मामी