चादरीचा कोपरा

मास्तर, तुमच्या पोरीनं मला तुम्हालाच विचारायला सांगितलंय. तुम्हाला जाऊन पाच पावसाळे उलटले हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. तरी काल शाळेच्या फाटकापाशी ती अगदी सरळ तोंडानं म्हणाली, "मला काय विचारता? बाबांना विचारा," आणि निघून गेली. हे 'हो' म्हणायचं, 'नाही' म्हणायचं, की मला वाटेला लावलं म्हणायचं, कालपासून काही उलगडा होईना. माझ्या डोक्याचं तुम्हाला माहीतच आहे. ते एक तर तापतं नाही तर बंद पडतं, मधली सोयच नाही. सध्या बंद आहे. म्हणून लिहितोय. कुणाच्या पत्त्यावर, ते विचारू नका.

खरं तर मी बसलो होतो दुसरंच लिहायला. यंदा आपली फुटबॉलची स्पर्धा पुन्हा भरवायची ठरलंय. तुमच्या मागं ती कशीबशी रेटली, मग मधल्या धामधुमीत बंदच पडली. आता निजामाची मोगलाई गेली, राज्य बदललं, तर हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "स्पर्धेचा इतिहास तूच लिहून काढ अन् पहिल्या मॅचला वाचून दाखव. तू मास्तरांच्या हाताखालचा. त्यात देशासाठी कॉलेज सोडलेलं पोरगं. लोक ऐकतील." देशासाठी! मास्तर, हैदराबादेत त्या दिवसांत कितीतरी पोरं देशासाठी कॉलेज सोडून गेली, हे खरं आहे. मीही त्याच दिवसांत सोडलं, हेही खरं आहे. मी हिंगोलीच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा लोकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं की हाही त्यातलाच. मी सोडलं तुमच्या पोरीसाठी. हे तिला मी काल सांगितलं, आज तुम्हाला सांगतोय. हेडमास्तरांना काय सांगावं ते अजून सुचत नाही.

इतिहास लिहायला घेतला की पहिलीच ओळ अडते. सुरुवात कुठून झाली? लोक म्हणतात छावणीच्या मैदानातून. गोऱ्यांची पलटण होती तेव्हापासून तिथं चेंडू लाथाडला जायचा म्हणे. पण मला वाटतं सुरुवात झाली बोर्डिंगातल्या चुलीपासून. मी तेव्हा आलेलो नव्हतो, ऐकलेलं सांगतो. खेड्यापाड्यांतली गरीब पोरं शिकायला यायची, बोर्डिंगात राहायची आणि एका साली तिथली ज्वारी संपली. पोरांनी वळकट्या बांधल्या. तुम्ही नुकते वऱ्हाडातून कवायतीचे मास्तर म्हणून आला होतात. तुम्ही म्हणालात, "घरी कशाला जाऊन राहिले रे? एक मॅच खेळा, मग जा." शाळेची पोरं एकीकडं, कापसाच्या जिनातल्या हमालांची पोरं दुसरीकडं. अर्धा खेळ झाला आणि तुम्ही स्वतःच्या अंथरुणावरची चादर आणून चार पोरांच्या हाती दिली. चार कोपरे धरून ती मैदानाभोवती फिरली. कुणी निजामाचा हाली पैसा टाकला, कुणी पायलीभर ज्वारी आणून ओतली, एकानं तर कापसाचा बोंडासकट झेला टाकला. वळकट्या सुटल्या. पुढं वसमतची शाळा यायला लागली, मग परभणी, मग नांदेड. आगगाडीनं यायची ती पोरं, बूट गळ्यात अडकवून. आमच्याकडं बूट नव्हते.

आणि तो तुमचा नियम. तो कुठल्याच पुस्तकात नसेल. ज्यानं फौल केला त्यानं अर्ध्या वेळात चादर धरायची. ज्या गावच्या पोराला लाथ घातली त्याच गावच्या माणसांपुढं चादर पसरून उभं राहायचं. मी कळमनुरीकडच्या खेड्यातला मेंढपाळाचा लेक, आयुष्यभर बोकडांच्या टकरी बघितलेल्या. पहिल्याच मॅचला मी वसमतच्या एका पोराला आडवा केला. शिट्टी वाजली. तुम्ही चादरीचा कोपरा माझ्या हातात दिलात. त्या फेरीत कान असे तापले की आत्ता लिहितानाही हात लागतोय कानाला. वसमतकडचा एक म्हातारा ओरडतो, "आला रे आला, फौलदार आला! पायानं मारतो अन् हातानं मागतो!" सगळी रांग हसते. एक बाई म्हणते, "लेकराची नळी फोडली अन् आता ज्वारी पायजे व्हय रे तुला?" आणि शिव्या घालत घालत ओंजळभर टाकते. त्या ओंजळीतलंच मी पुढं बोर्डिंगात खाल्लं. तेव्हा एवढंच कळलं की यापेक्षा तुम्ही दोन मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्या घरात मी शिरलो तो चेंडूमुळं. जर्मनांबरोबरच्या लढाईच्या दिवसांत नवा चेंडू मिळेना, जुना उसवायचा, आणि मोची म्हणायचा, आता याला सुई धरत नाही. मग तुम्ही तो घरीच शिवायला घेतला. माझा बाप मेंढीची चरबी डबीत भरून द्यायचा, कातड्याला चोळायला. ती डबी घेऊन मी यायचो. स्वयंपाकघरात काकू भाकरी थापतायत, तुम्ही पाटावर बसून चेंडू मांडीत धरलाय, आणि समोर तुमची पोरगी हातात आरी घेऊन भोकं पाडतेय. गावात बोलायचे, चुलीपाशी कातडं शिवणारा हा मास्तर नेमका कोण जातीचा? घरमालकानं तर तोंडावर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "फुटबॉलवाला." मी तिथं बसलोय, चरबी चोळतोय आणि ती खाली मान घालून म्हणते, "बाबा, यांना सांगा, चेंडूला डोकं लावताना डोळे मिटून घेतात. बोकड तरी उघडे ठेवतो." काकू हसल्या, तुम्ही हसलात. मी चरबीचं बोट तसंच घेऊन बसलो. त्या दिवसापासून माझं काही खरं राहिलं नाही, मास्तर.

आता जे सांगतो ते इतिहासात लिहिता येणार नाही. बायाबापड्या मैदानाच्या पश्चिमेला बैलगाड्यांत बसून मॅच बघायच्या, काकू आणि ती तिथंच. खेळणाऱ्यानं तिकडं बघायचं नाही, जायचं तर लांबच. पण चादर सगळीकडं जायची. गाड्यांपुढूनही. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी फौल करायला लागलो. लोकांना वाटायचं, तापट आहे. होतोच तापट. पण आधी राग येऊन लाथ बसायची, ती आता हिशोबानं बसायला लागली. चादरीचा गाड्यांकडचा कोपरा मीच धरायचो. आणि मग ती नांदेडबरोबरची शेवटची मॅच. बरोबरीत चाललीय, अर्धा वेळ संपायला आलाय, त्यांचा कॅप्टन चेंडू घेऊन येतोय. मी सरळ चेंडू काढून घेऊ शकत होतो. मी पाय घातला. तो धुळीत पडला, शिट्टी झाली, लोकांनी बोंब मारली आणि मी जवळजवळ पळतच चादरीकडं गेलो.

त्या साली चादर हलकीच होती. सरकारनं सक्तीच्या लेव्हीत ज्वारी नेलेली, लोकांच्या घरातच नव्हतं. गाड्यांपाशी आलो तेव्हा आत मूठभर दाणे आणि थोडी चिल्लर. ती गाडीत उभी राहिली. माझ्याकडं बघितलं. बघितलंच, मास्तर, यात माझी चूक होणं शक्य नाही. हातातला चांदीचा वाळा काढायला लागली, निघेना, मनगट लाल झालं, काकू म्हणतायत, "अगं, अगं!" आणि वाळा पडला तो माझ्या कोपऱ्याशी. तिथून पुढं मी कसा खेळलो मला आठवत नाही. आपण हरलो, एवढं आठवतं.

सगळे पांगल्यावर तुम्ही मला गोलच्या खांबापाशी थांबवलंत. मला वाटलं, हरल्याबद्दल बोलणार. तुम्ही म्हणालात, "आज तुला राग आलाच नव्हता. मी बघून राहिलो होतो. मग त्या पोराला मारलंस काहून?" मी खाली बघत उभा. मग माझ्या खांद्यावरची धूळ झटकलीत आणि म्हणालात, "बरं. सुचलं की सांग." एवढंच. त्यानंतर उन्हाळ्याची सुट्टी लागली, मी मेंढरांमागं गेलो, आणि तिकडंच कुणीतरी सांगितलं की कवायतीचे मास्तर तापानं गेले. तुम्हाला कळलं होतं का हो? कळून तुम्ही धूळ झटकलीत, की न कळून? कळलं असेल आणि गप्प बसला असाल, तर ते गप्प बसणं माझ्या बाजूचं होतं की पोरीच्या? माझी गाडी इथंच येऊन थांबते.

पुढचं थोडक्यात. बोर्डिंगनं मला मॅट्रिक केलं, बोर्डिंगनंच हैदराबादेला पाठवलं, फी भरली. दुसऱ्या वर्षाला होतो. हिंगोलीचा एक जण भेटला, सहज बोलला की मास्तरांच्या पोरीला बघायला वऱ्हाडातून मामा स्थळ घेऊन येऊन राहिलाय. मी खोलीवरही गेलो नाही, सरळ स्टेशनवर गेलो. मामा आलाच नाही, नाक्यावरूनच परत फिरला, सरहद्दीवर त्या दिवसांत रझाकारांनी काय मांडलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि मी इथंच राहिलो. ना कॉलेजात, ना मेंढरांमागं. लोक 'कार्यकर्ते' म्हणतात, चहा पाजतात. ती पोरींच्या शाळेत शिकवते. आता वाटा खुल्या झाल्या, मामाचा निरोप परत आलाय, दिवाळीनंतर येतो म्हणून. म्हणून काल फाटकापाशी गेलो.

मी म्हणालो, "तो वाळा तुमी माझ्याकडं बघून टाकला होता."

"चादरीत टाकला होता," ती म्हणाली. "बोर्डिंगात एकच वेळ शिजत होतं त्या साली. बाबा घरी येऊन जेवायचे न्हाईत. तुमच्याच ताटात गेला असंल तो वाळा. न्हाईतर तुमच्या फीमधी."

मग म्हणाली, "कॉलेज काहून सोडलं?"

"तुमच्यासाठी."

"मी म्हणलं होतं सोडा म्हणून? गाव म्हणतं देशासाठी, तुमी म्हणता माझ्यासाठी. सोताच्या मनानं कधी काही करता का न्हाई तुमी?"

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, मामा येण्याआधी मला सरळ सांगा, माझ्याशी लग्न कराल का? तिनं वह्यांचा गठ्ठा छातीशी धरला. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा असते तर इचारलं असतं त्यांना?" मी म्हणालो, "इचारलं असतं! भर मैदानात, सगळ्यांसमोर!" "मग मला काय विचारता? बाबांना विचारा." आणि गेली.

तेव्हा विचारतो. मास्तर, मी धनगराचं पोरगं, कॉलेज अर्धं टाकलेलं, तुमच्या चादरीवर वाढलेलं, आणि मला तुमची पोरगी... हे वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. भीक मागितल्यासारखंच होतंय. तुमचं उत्तर मनात आणून बघतो. एकदा तुम्ही हसता आणि चेंडू शिवायला घेता. एकदा म्हणता, आधी परीक्षा देऊन ये, मग बोल. एकदा नुसतेच दाराकडं बघता, आणि मला कळतं की जायचंय. यातलं तुमचं कोणतं आणि माझ्या मनाचं कोणतं, ते वेगळं करता येत नाही. ती कशाला थांबलीय, तेही कळत नाही. माझ्यासाठी, की मी काहीतरी होईन यासाठी, की नुसत्या माझ्या उत्तरासाठी? वाळा ताटात गेला असं ती म्हणाली तेव्हा ती चिडलेली नव्हती. हेच जास्त घोटाळ्यात टाकतंय.

हे कागद मी तिला देणार होतो. बघा, विचारलं, म्हणून. आता देत नाही, कारण तिला मी जे तोंड वर करून सांगितलं ते खरं नव्हतं. तुम्ही असता तर मी भर मैदानात सोडा, तुमच्या ओट्यावरही विचारलं नसतं. चरबीची डबी ठेवून खाली मान घालून निघून गेलो असतो, जन्मभर. आणि आणखी एक आहे. तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी मेंढरांत बसून रडलो, खूप रडलो, ते खोटं नाही. पण रडता रडता एक क्षण मनात येऊन गेलं की आता नाही म्हणणारं कुणी उरलं नाही.