गुनगुनच्या कपाळावर

येशू, मारिया, जोसेफ

महानगर, लखनौ
४ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
प्रतिमाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून माझ्यापेक्षा सरळ आहे, तेव्हा हात दुखतो ही तुझी तक्रार मी ऐकून घेणार नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की तुमच्या अख्ख्या आळीला आमच्या घरच्या बातम्या कळतात. त्यापेक्षा हे टपालच बरं.

इकडे सगळं ठीक. समीरच्या रेल्वे ऑफिसात इन्स्पेक्शन चालू आहे, त्यामुळे घरी येतो तो नुसता जेवायला. निनाद आता माझ्या खांद्याला लागतो. मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतो, पण जेवायला बोलावलं की बरोबर समजतं. अमृता निदान भांडते तरी मराठीत. जपमाळेचा महिना लागला आहे. इथली आपली चार-पाच वसईकर घरं मारियामातेची मूर्ती यंदाही आळीपाळीने आपापल्या घरी नेणार. जिथे मूर्ती तिथे संध्याकाळी सगळ्यांनी जपमाळ म्हणायची आणि मग उकडलेले चणे वाटायचे, आपल्या अंगणातल्या क्रूसाजवळ वाटतात तसेच. आमच्याकडे ती पंचवीस तारखेला येईल.

एक गोष्ट लिहावी की नाही, असं कालपासून चाललं आहे. वरच्या मजल्यावरची नीलम तुला आठवत असेल. तू आली होतीस तेव्हा तुला चिकनकारीची साडी घ्यायला चौक बाजारात घेऊन गेली होती तीच. तिचा नवरा नोकरीला मस्कतला असतो. इथे ती, तिची सात वर्षांची गुनगुन आणि दीर जयसिंग. गुनगुनला डेंग्यू झाला. नीलमने दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता, म्हणून एक दुपार मी दवाखान्यात पोरीजवळ बसले. निघताना माझा अंगठा आपोआप तिच्या कपाळावर गेला. निनाद-अमृता शाळेत निघताना रोज काढते तसा क्रूस काढला, देव तुला सांभाळो म्हटलं आणि आले. भरल्या वॉर्डात. आपण काय केलं हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. तो औषधपाण्याने उतरला, आई. पण नीलमने निशातगंजच्या सब्जीवाल्यापासून सगळ्यांना सांगितलं की प्रतिमाभाभीने माथ्याला हात लावला आणि पोर उठून बसली. काल जयसिंग जिन्यात भेटला. हसत हसत म्हणाला की भाभीजी, बच्चीच्या माथ्यावर काय केलंत, कुठला मंत्र म्हटलात आणि हे सगळ्यांच्याच मुलांना करता का. मीही हसले. घरात आले आणि दाराला आतून कडी घातली. उगाच घाबरते आहे ना मी?

मुलांचा आजीला पापा. रोजच्या प्रार्थनेत आम्हाला धरतेसच, धरत राहा.
तुझी,
प्रतिमा

*

येशू, मारिया, जोसेफ

भुईगाव, वसई
११ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रतिमास,
आईचे अ. उ. आ.

हात दुखतो म्हटलं तर दुखतो. अक्षर सरळ आहे ते सिस्टरांच्या छडीमुळे, हाडांमुळे नव्हे. चण्यांत ओलं खोबरं बेतानं घाल, समीररावांना खोकला होतो. निनादला म्हणावं, आजीला हिंदी येत नाही, तेव्हा नाताळात इथे आलास की उपाशी राहशील.

तुझा अंगठा माझ्यावर गेला आहे. शेजारच्या पद्मिनीचा उल्हास बोर्डाच्या पेपरला निघाला की आधी आपल्या दारात उभा राहायचा. मी त्याच्या कपाळावर क्रूस काढायचे, मग घरी जाऊन तो पद्मिनीच्या हातचं दही खायचा. कोणी कोणाला काही विचारलं नाही. पण बाई, ते आपलं गाव. तिथे तुम्ही भाड्याच्या घरात राहता आणि समीरराव सरकारी नोकर. त्या माणसाचं हसणं मला पसंत नाही. धर्मांतराच्या नावाखाली लोक काय काय तक्रारी करतात ते इथेही कानावर येतं, मी बहिरी असले तरी.

हात आवर. हॉलमधली येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आतल्या खोलीत लाव. जपमाळ हळू म्हणा, देवाला ऐकू कमी येत नाही. दुसऱ्याच्या लेकरांना दुरूनच आशीर्वाद दे. आणि मला सगळं लिही, अर्धं लिहू नकोस. अर्ध्याने माझी झोप जाते.

तुझी,
आई

*

महानगर, लखनौ
१८ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न.

तू सगळं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. समीरने बजावलं आहे की यातलं अक्षरही फोनवर किंवा मेसेजमध्ये नको.

बुधवारी जयसिंग दोन अनोळखी माणसांना घेऊन आला. समीर ऑफिसात होता. चपला न काढता ते हॉलमध्ये बसले. तसबीर मी काढली होती, पण भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन राहिला आहे आणि त्यातला एक जण सारखा तिकडेच बघत होता. विचारत होते की आमच्याकडे संध्याकाळी कोण कोण येतं, काय वाटतो आणि आजारी मुलांच्या आयांना काय सांगतो. मी म्हटलं, आम्ही आमचीच माणसं जमतो आणि चणे वाटतो. त्यावर एकाने विचारलं की चणे कशासाठी. आई, चणे कशासाठी याला काय उत्तर असतं गं? जाताना म्हणाले की मुलीच्या आईने लिहून दिलं तर पुढचं ठाण्यात बोलू.

आता सगळं नीलमवर आहे. तिने कागदावर सही केली तर समीरची नोकरी जाईल, मला पोलीस घेऊन जातील, मुलांचं काय होईल, असं डोक्यात फिरत राहतं. आणि नीलम आठवडाभर खाली आलेली नाही. रोज सकाळी चहापत्ती नाही तर कोथिंबीर मागायला यायची. आता तिची खिडकी बंद असते. जिन्यात पावलं वाजली की हातातलं लाटणं थांबतं.

पंचवीस तारखेला मूर्ती आणू नका, असं मी बाकीच्यांना कळवून टाकलं. त्यांनी कारण विचारलं नाही, सगळ्यांना समजलं. फाटकाशी मुलांच्या कपाळावर क्रूस काढणंही सोडलं आहे. पहिल्या दिवशी अमृता सवयीने मान वर करून उभी राहिली, मी तिच्या वेणीची रिबीन नीट केल्यासारखं केलं. निनादने विचारलं, मम्मी, आज नहीं? मला ओरडून रडावंसं वाटलं. मी त्याला व्हॅन चुकेल म्हणून पिटाळलं.

खूप भीती वाटते, आई. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

तुझी,
प्रतिमा

*

येशू, मारिया, जोसेफ

भुईगाव, वसई
२४ ऑक्टोबर २०२५

चि. प्रतिमास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राच्या डोक्यावर तिघांची नावं नव्हती. सिस्टरांनी शिकवल्यापासून तुझं एकही पत्र त्यांच्याशिवाय आलेलं नाही. मी कागद उलटून पाठीमागे पाहिलं, लिहायची राहून गेली असतील म्हणून. मग खाली बसले. रागावले नाही, घाबरले.

आता मुकाट्याने ऐक. मुलांना घेऊन इकडे ये. उल्हास आता अंधेरीला नोकरी करतो, त्याने तुम्हा तिघांची एक तारखेची पुष्पक एक्सप्रेसची तिकिटं काढून दिली आहेत. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो फोन काढून तिकिटंच काढायला लागला. समीररावांनी मागाहून बदली मागून घ्यावी. मुलांची शाळा बुडाली तर बुडू दे.

नीलमला दोष देऊ नकोस. तिचा नवरा परदेशात, दिराच्या छपराखाली राहते. घाबरलेल्या बाईला कशावरही सही करायला लावता येते. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, मलाही सांगता येत नाही. पण तिच्या सहीची वाट बघत तू तिथे बसून राहू नकोस.

क्रूसाजवळ रोज मेणबत्ती लावते. वाऱ्याने विझली तरी काहीतरी वाईट मनात येतं, मग पुन्हा लावते. ये बाळा, लवकर ये.

तुझी,
आई

*

येशू, मारिया, जोसेफ

महानगर, लखनौ
३० ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
प्रतिमाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. रात्रीच बॅगा काढल्या. समीर स्वतःहून मुलांचे स्वेटर घडी करून देत होता, त्यावरून तो किती घाबरला आहे ते मला कळलं.

आज सकाळी मुलांना फाटकाशी घेऊन गेले. व्हॅन यायची होती. जयसिंग स्कूटर पुसत उभा होता. एवढ्यात गुनगुन खाली आली. आजारपणानंतर तिचा शाळेचा पहिला दिवस, युनिफॉर्म अंगावर लटकत होता. ती सरळ माझ्यासमोर आली, बॅग खाली ठेवली आणि डोळे मिटून कपाळ वर केलं. अमृता करते तसंच. तिने आमच्या मुलांना कितीदा पाहिलं असेल!

मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या पोरीचा राग आला. जयसिंगने फडकं ठेवून दिलं आणि बघत राहिला. मी म्हटलं, जा बेटा, व्हॅन येईल. ती जाईना. डोळे मिटून तशीच उभी.

मग नीलम जिना उतरून आली. केस ओले, पायात चप्पल नाही. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ओढणीतून माझा उजवा हात सोडवला आणि आपल्या लेकीच्या कपाळावर नेऊन ठेवला. मग दिराकडे वळून म्हणाली की मुलगी माझी आहे, हात मी ठेवला आहे, काही लिहून घ्यायचं असेल तर हे लिहून घ्या, दुसऱ्या कशावर मी सही करणार नाही. तोवर असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शेवटी तो चिरकला.

मी क्रूस काढला, आई. वाकडातिकडा झाला, पण काढला. मग अमृता पुढे आली, आणि तिच्यामागून निनाद. हल्ली मित्रांसमोर त्याला माझी लाज वाटते, पण आज त्याने आपणहून कपाळ पुढे केलं.

जयसिंग स्कूटर काढून गेला. कुठे गेला ते मला माहीत नाही, नीलमलाही माहीत नाही. दुपारी ती कोथिंबीर मागायला आली आणि माझ्या ओट्यापाशी उभी राहून खूप रडली. आता रात्री घरात तिला काय ऐकावं लागेल कोण जाणे. उद्या फाटक वाजलं तर दूधवाला असेल की ती माणसं, हेही सांगता येत नाही.

म्हणून आम्ही येत नाही. मी गाडीत बसले तर त्या हाताबद्दल जाब द्यायला ती एकटीच उरेल. समीरशी बोलले. तो स्वेटर परत कपाटात ठेवायला लागला. तिकिटं रद्द कर, एवढंच उल्हासला फोनवर कळवलं आहे, त्याला माझा आशीर्वाद दे.

उद्या महिन्याची शेवटची जपमाळ. मूर्ती आमच्याकडे आणा, असं सगळ्यांना कळवलं आहे. कोण कोण येईल देव जाणे. तसबीर जागेवर लावली. मघाच चणे भिजत घातले आहेत, यंदा जरा जास्तच घातले, वर नीलमकडेही द्यायचे आहेत. भीती गेली असं समजू नकोस. हे लिहितानाही कान फाटकाकडे आहेत.

मेणबत्ती लावतेस तेव्हा एक नीलमच्या नावाने लाव. तुझ्या मायेत आता तिलाही जागा दे.
तुझीच,
प्रतिमा