लाडीला माझाच हात लागतो

सोम. ४ नोव्हेंबर
वजन ६१. पायांना सूज, बोट दाबलं की खड्डा राहतो. डॉक्टर म्हणाले रोज सकाळी वजन लिहा, म्हणून ही वही. इको झाला. हृदयाची उजवीकडची झडप गळते म्हणे. छातीला कधी मार लागला होता का, विचारलं. मी नाही म्हटलं. तेवढ्यात हे बोलले, "म्हशीनं गव्हाणीला दाबलंतं न्हवं का!"
अकरा वर्षं झाली. लाडीची आई होती ती. दोन बरगड्या मोडल्या, पट्टा बांधला, जुळल्या. त्याला मार म्हणायचं हे डोक्यातच आलं नाही.

गुरु. ७
व. ६०. लघवीची गोळी सुरू. मीठ कमी. सासूबाईंनी माझं कालवण वेगळं केलं, चव बघितली आणि तोंड वाकडं केलं.
पुन्हा दवाखाना. झडप दुरुस्त करायची तर आताच. उजवी बाजू आणखी ताणली तर मग उपयोग नाही. नंतर तीन महिने धार काढायची नाही. २५ तारीख रिकामी आहे, पुढच्या शनिवारपर्यंत फोन करायचा.
मी लगेच म्हटलं, लाडीला माझाच हात लागतो. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरते. डॉक्टर हसले. मी नाही हसले.

मंगळ. १२
व. ६०. हे धारेला बसले. लाडीनं बादली उडवली. मग मीच बसले. चार लिटर. उठताना धाप. तरी बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
घाबरायला हवं, तेही होत नाही. ऑपरेशन दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

गुरु. १४
व. ६०.५. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "तिचं लुगडं नेस आन् बस जा. म्हशीला वास कळतोय."
"गल्ली हसंल की, आई."
"हसू दे. बायकू जगवायची हाय का मिशी?"


शनि. १६
व. ६१. दुपारच्या धारेला ह्यांनी माझी न धुतलेली हिरवी साडी नेसली. डोक्यावर पदर, खाली मिशी. मी गोठ्याच्या दारात उभी. लाडी पुन्हा बादली उडवणार, मग मी जाणार, असं धरूनच चालले होते. तिनं मान वळवून हुंगलं. मग रवंथ करत राहिली. बादलीत धार वाजायला लागली. साडेतीन लिटर.
सासूबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला वाईट वाटलं. लाडीचं माझ्यावाचून अडत नाही. आता दवाखान्यात सांगायला काही उरलं नाही, भीती तेवढी उरली.
ह्यांनी भिंतीवर लिहिलेला नंबर मोठ्यानं वाचला, फोन माझ्यापुढं ठेवला. "लाव."
दवाखान्यात पाचपर्यंतच उचलतात, आणि आजचाच दिवस आहे. आता सव्वाचार झालेत. फोन लावल्याशिवाय साडी सोडणार नाही म्हणतात. समोर बसून आहेत, पदर डोक्यावर तसाच.