आईसाठी पाचवा मजला

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपली तब्येत ठणठणीत असेल, दात अजून सगळे शाबूत असतील (हे मी जरा दुःखानेच लिहितो, कारण दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून पोट भरणाऱ्या माणसाला आपल्यासारखे मामा काही कामाचे नाहीत), आणि अंगणातल्या लिंबाला पाणी घालताना आपण अजूनही त्याच्याशी भांडत असाल. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, ती पाळली. आता खरी हकीकत लिहितो. फोनवर का नाही सांगितलीस म्हणाल, तर नव्या घराच्या भिंती अशा आहेत की बाथरूममध्ये कुजबुजलं तरी आई बाल्कनीतून उत्तर देते.

तर मामा, घर घेतलं. स्वतःचं. आई जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिली, साधा खिळा ठोकायचा तरी घरमालकाच्या दारात जाऊन उभी राहिली, ते आपण पाहिलंच आहे. म्हणून हे घर मुळात तिच्यासाठी घ्यायचं होतं. तिची अट एकच होती, घर तळमजल्यावर हवं, कारण गुडघे. पण ही अट तिने आम्हाला कधी सांगितलीच नाही. एकदा भांडी घासताना पातेल्याला सांगितली, ती मी मागून ऐकली. आपल्या घरात स्वतःला काय हवं ते कोणी बोलत नाही (हा आजार आजोळाकडून आलाय, रागावू नका). ताटातला शेवटचा तुकडा वाळून कडक होतो, पण "तू घे, तू घे" करत कोणी उचलत नाही. भाचेसून परक्या घरातून आली, पण वर्षभरात तिलाही लागण झाली. कन्या तर जन्मतःच तशी.

तळमजल्यावरची घरं पाहिली. जी परवडत होती त्यांत एक तर अंधार होता, नाही तर ओल, आणि एकात दोन्ही होतं. शेवटी दलाल म्हणाला, पाचव्या मजल्यावर दोन खोल्या जास्त मिळतील, उजेड भरपूर, आणि लिफ्ट येतेय. (माणूस फार गोड. असल्यांचे दात मी रोज पाहतो, वरून चकचकीत आणि आतून पोकळ.) "येतेय" हे त्याने असं सांगितलं, जणू लिफ्ट कोपऱ्यावर बसमधून उतरली आहे. आई म्हणाली, मी खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसते, तुम्ही बघून या. आम्ही तिघं चढलो. वर पोचेपर्यंत माझा श्वास संपला होता. दारांना ताजं व्हार्निश होतं, त्याने भाचेसुनेच्या डोळ्यांना धारा लागल्या. कन्येला मैत्रिणीचा कसलासा मेसेज आला, ती हसत होती. जिन्यातच आमचं ठरलं की हे घर नको, आईला जमणार नाही. मी म्हटलं, खाली गेल्यावर मी सांगतो.

खाली आलो आणि आईने आमची तोंडं पाहिली. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, सून रडत होती, नात हसत होती. आईने एवढ्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं आणि टाळी वाजवून म्हणाली, "हेच घ्या! मला तर खालूनच आवडलं!" मामा, आईला इतक्या जोरात काही आवडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिचा हिरमोड करायचा कोणी? मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. मला वाटलं तिला चालेल, तिला वाटलं मला चालेल. आणि आम्ही घर घेतलं.

सगळं सहीशिक्क्यानिशी पक्कं झाल्यावर एका रविवारी सामान बांधताना हे उघडकीला आलं. भाचेसून म्हणाली, "तुमच्यासाठी घेतलं, नाहीतर मला ते स्वयंपाकघर बघूनच नको वाटलं होतं." मी म्हटलं, मला दोन बस बदलून कामाला जावं लागणार, मी कशाला हो म्हणीन? मग दोघांनी आईकडे पाहिलं. आई वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही किती खूश होतात त्या दिवशी."

राहायला गेलो त्या दिवशी आईला सामान वाहणाऱ्यांनी खुर्चीत बसवून वर नेलं, फ्रिजच्या मागून आणि कपाटाच्या पुढून. ती नाजूक सामानात धरायची की साध्या, यावर त्यांच्या मुकादमाने माझ्याशी वाद घातला. आई खुर्चीत ताठ बसून प्रत्येक मजल्यावर नव्या शेजाऱ्यांना नमस्कार करत गेली आणि मधूनमधून हमालांना सांगत राहिली, "दमलात रे बाबांनो, टेकवा मला, मी जाते चालत." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून मामा, आईचा पाय जमिनीला लागलेला नाही.

लिफ्टचं म्हणाल, तर लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. त्या खड्ड्यात चेअरमनसाहेबांच्या जुन्या सायकली आणि एक मोडका पाळणा आहे. चेअरमनसाहेब राहतात तळमजल्यावर. मीटिंगमध्ये ते मला म्हणाले, चढण्याने हृदय मजबूत होतं. (स्वतः ते दोन पायऱ्या उतरून गाडीत बसतात.) मी चांगलाच तापलो, नको ते बोललो, आणि आता आमच्या घराला पाणीसुद्धा कमी दाबाने येतं असा मला संशय आहे.

आई दिवसभर बाल्कनीत असते. दोरीला पिशवी बांधून खाली सोडते आणि भाजी वर ओढते. भाजीवाल्याने तिला ओळखलंय, किडकी वांगी तो खास तिच्यासाठी ठेवतो. खालची सगळी माणसं तिला वरून माहीत आहेत. कोणाचा भांग कुठे, कोणाला टक्कल कुठून पडतंय, कोण केस रंगवायचं विसरलं, सगळं पाठ. परवा दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दारात आले तर तिने ओळखलंच नाही. ते चपला काढायला वाकले तेव्हा म्हणाली, "अगंबाई, तुम्ही होय!" आम्ही पोट धरून हसलो. जेवताना मात्र कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

मागच्या महिन्यात मी कामावरून आलो तर आई चौथ्या मजल्यावर जिन्यात बसलेली. बंद दाराला पाठ टेकून, पदर नीट घेऊन, पायात चपला. एकटीच उतरायला निघाली होती. एक मजला उतरली, मग गुडघ्याने पुढेही जाऊ देईना आणि मागेही. किती वेळ बसली होती ते तिने सांगितलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती सांगत होती, मुलाची वाट बघतेय. मला म्हणाली, "इथे गार वाटतं म्हणून बसले जरा." आणि मामा, मी काय म्हणालो असेन? मी म्हटलं, हो, इथे गारच असतं. मीही तिच्याशेजारी बसलो. दोघं तिथे थंडी वाजेपर्यंत बसलो. मग शेजाऱ्याला हाक मारून तिला वर नेलं. दुसऱ्या दिवशी तिने चपला धुतल्या, वाळवल्या, पिशवीत घालून कपाटात वर ठेवून दिल्या. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. नवी कवळी पहिले काही दिवस टोचतेच, असं मी लोकांना सांगतो, कारण टोचली तर परत आणा, घासून देतो म्हणता येतं. घराचं तसं करता येत नाही.

असो. घर म्हटलं की थोडं इकडचं तिकडचं चालायचंच. मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि मधल्यांना धीर.

आपला,
भाचा

ता. क. एक किरकोळ काम लिहायचं राहिलं. मामा, कृपा करून आजारी पडा. आपलं घर तळमजल्यावर आहे, अंगण आहे, पण "तुझ्यासाठी ये" म्हटलं तर आई येणार नाही, हे आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. "मला जमत नाही, ये" म्हटलं तर ती खुर्चीचीही वाट बघणार नाही, बसत बसत उतरेल. आपल्याला साधं पडसंही होत नाही याचा आपल्याला केवढा अभिमान, पण एवढ्यापुरता तो बाजूला ठेवा. पोटदुखी नको, ती फोनवर औषध सांगून मोकळी होईल. चक्कर बरी. चक्कर येणाऱ्या माणसाला एकटं ठेवता येत नाही.

आणखी एक ता. क. लवकर बरे होऊ नका. एकदा उतरली की मी तिला पुन्हा वर आणणार नाही. तिच्यासाठी घर घेतलं आणि आता तिलाच त्यातून बाहेर काढायला आपल्याला पत्र लिहितोय. तिला मात्र यातलं काही कळू देऊ नका.

शेवटचं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आई आली, कोणाला लिहितोस विचारलं. मामाला, म्हटलं. तर तिचा निरोप, तिच्याच शब्दांत: "त्याला म्हणावं, एकटा काय बसलायस तिथे, ये इकडे चार दिवस. जिना काही फार नाही."