रामिरो अल्काइदेचे हुकलेले गोल

लेस्टर,
मंगळवार, ११ मार्च २०२५

चि. निधीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. आजोबांचा खोकला गेला, पण त्याबद्दल बोलायची सवय गेलेली नाही. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस, म्हणून हे पोस्टाने. दोन बसच्या अंतरावर राहणाऱ्या नातीला पाकिटावर स्टॅम्प लावून पत्र धाडणारी बाई या शहरात मी एकटीच असेन. आणि मराठी वाचता येत नाही ही सबब सांगू नकोस. दर शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात बसवून मीच तुला बाराखडी शिकवली. जोडाक्षर अडलं तर ओठ हलवून वाच.

तुझी आई म्हणाली, पाच आठवडे तू ट्रेनिंगला गेली नाहीस आणि फुटबॉलचे बूट चॅरिटी शॉपच्या पिशवीत टाकलेस. वर मला म्हणाली, "आई, तू तिला काही म्हणू नकोस हं." जसं काही मी येता-जाता लोकांना बोलतच असते!

तुझ्या त्या स्पॅनिश कोचने मला ईमेल पाठवली होती, हे तुला माहीत असेलच. दोन मॅचेस मैदानावर येऊ नये, असं लिहिलं होतं. मला! नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मी अकरा वर्षं काढली आहेत. शांतता कशाला म्हणतात हे मला निवृत्त फुटबॉलपटूने शिकवायची गरज नाही. त्या रविवारी प्रेक्षकांनी ओरडायचं नाही असा नियम होता, दोरीला पाटी लावली होती, सगळं मान्य. पण पाटी इंग्रजीत होती. मला वाटलं, मराठी कुणाला कळतंय?

तर हा रामिरो अल्काइदे आहे तरी कोण, ते बघायचं मी ठरवलं. खरं सांगायचं तर त्याच्या चुका शोधायच्या ठरवल्या. आजोबांना तर निमित्तच हवं होतं. मिडलंड्समधल्या यांच्या लाडक्या क्लबात तो अकरा सीझन खेळला, तेव्हा त्याची एकही मॅच यांनी सोडली नव्हती. सगळी रेकॉर्डिंग्ज आहेत. मी वही घेतली, चष्मा पुसला आणि सोफ्यावर बसले.

"गोल मोजणार?" आजोबांनी विचारलं.

"हुकलेले मोजणार."

"मग मोठी वही घे."

निधी, आधी इंटरनेटवर शोधून त्याचा स्पेनमधला पहिला सीझन पाहिला. एकोणीस वर्षांचा पोरगा, काडीसारखे पाय. दुसऱ्या दर्जाचा संघ, तेवीस मॅचेस आणि गोल शून्य. एका मॅचमध्ये सगळं स्टेडियम पांढरे रुमाल हलवायला लागलं. मी म्हटलं, "चला, कौतुक तरी करतायत!" आजोबा म्हणाले, "अगं, तिकडे रुमाल म्हणजे चालता हो." घरच्याच लोकांनी, त्याच्या गावापासून वीस मैलांवर. त्याने मान वर करून ते पाहिलं, आणि पुढचा कॉर्नर आला तेव्हा पुन्हा गोलपोस्टकडे धावत सुटला.

तिथून मी वहीत लिहायचं विसरायला लागले.

मला आधी वाटायचं, स्ट्रायकर म्हणजे नशीबवान माणूस. बाकीचे राबतात आणि हा शेवटी पाय लावतो. पण एका मॅचमध्ये मी फक्त त्याच्यावरच नजर ठेवली. नव्वद मिनिटांत एकतीस वेळा तो पोस्टकडे धावला. बॉल दोनदाच आला. एकोणतीस वेळा हा माणूस जीव तोडून धावला, काही आलं नाही, आणि चालत परत येऊन पुन्हा तयार! आलेला पहिला बॉल त्याने बारवरून मारला. दुसरा आत गेला. आजोबा सोफ्यावरून उठले. मीही उठले, पण कुणाला सांगू नकोस.

आणि मग त्या तीन पेनल्टी. पहिली कपाच्या सेमीफायनलमध्ये, शेवटच्या मिनिटाला. हुकली. चाळीस हजार लोक घरी गेले. पुढच्याच शनिवारी पुन्हा पेनल्टी मिळाली. बॉल घ्यायला दुसरे दोघे तयार होते, पण त्याने हात पुढे केला. आजोबा म्हणाले, "आता बघ." मी डोळे मिटले. इतक्या वर्षांपूर्वीची मॅच, निकाल यांना पाठ, आणि मी डोळे मिटून बसले! बॉल पोस्टला लागून बाहेर गेला. दुसऱ्यांदा. लोकांनी काय काय शिव्या दिल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतात. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पेनल्टी, आणि बॉल पुन्हा याच्याच हातात.

"याला लाज नाही का हो?" मी विचारलं.

"लाज आहे, म्हणून तर कान लाल झालेत. पण पाय थांबतायत का बघ."

ती आत गेली. तो नाचला नाही की ओरडला नाही. बॉल उचलून मधे नेऊन ठेवला. मला रडू आलं. आजोबांना वाटलं, गोल झाला म्हणून.

आता खरं लिहिते.

एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या फार्मसीत होते. माझ्या हातून कधी चूक झाली नाही, हे तू माझ्या तोंडून शंभरदा ऐकलं असशील. १९९६ साली एका लहान मुलाच्या औषधाच्या चिठ्ठीत दशांशचिन्ह चुकीच्या जागी होतं, आणि मी ती तशीच पास केली. दहापट डोस. वॉर्डमधल्या नर्सच्या लक्षात आलं आणि मुलाला काही झालं नाही. वरिष्ठांनी बसवून घेतलं, सगळं विचारलं आणि म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे, उद्यापासून नेहमीसारखं सुरू करा." मी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, मला मुलांचा वॉर्ड नको. रिटायर होईपर्यंत त्या मजल्यावर पाऊल ठेवलं नाही. मुलांच्या औषधांचं काम मला मनापासून आवडायचं, निधी. आजोबांना सांगितलं की तिथल्या वेळा गैरसोयीच्या आहेत. ते अजून तेच समजतात.

आणि त्या रविवारी समोर मोकळा गोल असताना तू सहा फुटांवरून बॉल बारच्या वर मारलास, तेव्हा सगळं मैदान गप्प असताना मी ओरडले, "अगं, तिथं खुर्ची ठेवली असती तरी तिला लागून आत गेला असता!" मजा म्हणून नाही. मला तू चुकलेली बघवली नाही. तुमच्या टीममधल्या त्या पूर्वीला मराठी कळतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिने साऱ्या टीमला सांगितलं आणि मुली तुला 'चेअर' म्हणायला लागल्या, हे तुझ्या आईने मला परवा सांगितलं. तू पंधरा वर्षांची आहेस. ते नाव तुला मी दिलं.

काल मी ट्रेनिंगला जाऊन आले. रामिरो गुडघ्याला पट्टा बांधून शंकू मांडत होता. मला पाहून म्हणाला, "सेन्योरा, बंदी संपली. पण आज मॅच नाही, ओरडणार कुणावर?"

मी विचारलं, "दुसरी पेनल्टी हुकल्यावर तुम्ही परत कसे गेलात?"

त्याने हातातला शंकू खाली ठेवला. "मंगळवारी ट्रेनिंग होतं."

"एवढंच?"

"बुधवारीही होतं."

तुझ्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, "तिचं नाव रविवारच्या यादीत आहे. काढायचं असेल तर तिने स्वतः येऊन सांगायचं. आजीचा निरोप चालणार नाही."

निघताना पूर्वी भेटली. "आजी, तुमची आवाज खूप मोठी आहे हं. आणि आम्ही आता तिला तसं नाही म्हणत. ती नाही तर मला स्ट्रायकर खेळायला लागतं, आणि मी तर रबिश आहे." मी तिचं व्याकरण सुधारलं नाही. यावरून माझी अवस्था ओळख.

रविवारी दहाला मॅच आहे. मी येणार नाही. तू बोलावल्याशिवाय कधीच येणार नाही. तू जावंस असं मला फार वाटतं, पण तू गेली नाहीस तरी माझ्यासाठी जशी आहेस तशीच राहशील. फक्त मी ओरडले म्हणून जायचं थांबू नकोस. नको वाटलं, तर जाऊन तोंडावर सांग. मी तेवढंही केलं नव्हतं.

इंग्रजीत मी दिवसातून पन्नास वेळा सॉरी म्हणते, बसमध्ये, दुकानात, दारात. मराठीत हे कुणाला कधी लिहिल्याचं मला आठवत नाही. निधी, माझं चुकलं. मला माफ कर.

आजोबांना हे पत्र मी आज जेवणानंतर वाचून दाखवणार आहे, १९९६ सकट. मग पोस्टाच्या पेटीत टाकेन.

उत्तर येईल की नाही हे माहीत नसताना लिहिणारी,
तुझी आजी,
वैजयंती