पेटीची दुसरी कडी

गिरगाव, ३ फेब्रुवारी २००२

चि. मालन हिस,
लवूमामाचा आशीर्वाद आणि वर एक लाडाचा कानपिळा.

लालबागहून गिरगावात पत्र पाठवणारी तूच पहिली. पोस्टमन हसत होता. तुझ्या सरांना साक्ष लेखी पाहिजे, तर घे. मी खानावळवाला माणूस, फळ्यावर ‘आज सुकट’ याच्यापलीकडे लिहीत नाही. ऱ्हस्वदीर्घाचे मार्क कापू नकोस.

टी.वाय.च्या प्रबंधाला विषय काय घेतलास, तर आमची गावकीची खोली! बत्तीस जण पाळीपाळीने झोपायचो. प्रत्येकाची स्वतःची अशी एकच वस्तू, पत्र्याची पेटी. संपात ठरलं होतं, जो गिरणीत जाईल त्याची पेटी उचलून गॅलरीत ठेवायची. शिवी नाही, मार नाही. पेटी बाहेर म्हणजे माणूस गावाबाहेर.

ऑक्टोबर ब्याऐंशीत बोलवा उठली की आत माग सुरू झालेत. खोलीने मला गिरणीच्या मागच्या भिंतीशी ऐकायला पाठवलं. मी जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, हाताखालचा, कुठला माग आजारी आहे ते डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगायचो. परत येऊन आकडा सांगितला, दोनशे. दुसऱ्या सकाळी आमच्यातला एक जण आत गेला. कोण ते तुझ्या घरात ठाऊक आहे.

सुभद्राताईला सांग, कुळीथ संपले. आहे तो लोभ जपून वापर.
तुझा,
लवूमामा

लालबाग, ११ फेब्रुवारी

ती. लवूमामांना,
मालनचा नमस्कार, कान चोळत.

सर खूश आहेत. गिरणी आधीच चालू झाली होती म्हणून खोली फुटली, हा माझा मुख्य मुद्दा झालाय आणि तो तुमच्या दोनशे मागांवर उभा आहे.

ते प्रकरण मी बाबांना वाचून दाखवलं. फुटणाऱ्याचं नाव मी गाळलं होतं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, माझं नाव लिही, शिवा, आडनावासकट. मी लिहिलं. पण मामा, चाळीतल्या मुली मला पेटीवाल्याची पोर म्हणायच्या. शाळेत मी वडील गोदीत कामाला होते असं सांगायची. आता तेच नाव टाइप होऊन कॉलेजच्या कपाटात राहणार.

अठ्ठावीस तारखेला प्रबंध द्यायचाय. सोबत तुमच्या साक्षीचा कागद आहे, सही करून पाठवा. आई म्हणते, कुळीथ हवेत तर स्वतः या. भावाने वर्षातून एक भाऊबीज गाठली म्हणजे झालं का?
तुमची,
मालन

गिरगाव, १९ फेब्रुवारी

चि. मालन,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

कागद पाच-सहा दिवस गल्ल्याखाली ठेवला होता. सही केलेली नाही. दोनशे माग नव्हते. चार होते. रस्त्यावर ऐकू जावं म्हणून भिंतीलगत चालवलेले चार, त्यातला एक लंगडा. माझे कान चुकले नव्हते, पोरी.

त्याच आठवड्यात सुभद्राताईचं गावाहून मला पत्र होतं. मनिऑर्डर बंद, तू दहा महिन्यांची, पेजेच्या निवळीवर. यांना कळवू नकोस, असं तिने लिहिलं होतं. भावोजी असे, की संप टिकून आहे असं वाटलं असतं तर मेले असते पण गेले नसते. संप मोडलाच आहे असं वाटलं तरच जातील, हे मी ओळखलं. ते एकटे जाणार नाहीत, चार-पाच जण जातील, मग पेट्या कोण काढतो, असा माझा हिशेब. पण गेले ते एकटेच.

संध्याकाळी पेटी काढायची वेळ आली. सगळे माझ्याकडे बघू लागले, नात्यातला म्हणून. एक कडी खोलीतल्याच भिवाने धरली. दुसरी मी. मी बोललो असतो तर तिथेच थांबलं असतं. बोललो नाही. पुढे गिरणी सगळ्यांचीच बंद झाली, मी मात्र संपवाला म्हणून मिरवलो. खानावळीचं पहिलं गिऱ्हाईक तीच खोली होती. तुमच्याकडे का येत नाही ते आता कळलं असेल.

तुझ्या प्रबंधाचा पाया मी काढून घेतला. खरा आकडा लिही. माझं नाव लिही, आडनावासकट. लोभ मागत नाही.
लवू

लालबाग, २४ फेब्रुवारी

ती. मामांना,
नमस्कार.

तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचलं. पेजेचं वाक्य आलं तशी आई उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बसली.

बाबांना धक्का बसला नाही. म्हणाले, पहिल्याच सकाळी आत पाय टाकला तेव्हा दिसलं, चार माग. मग वीस वर्षं गप्प का, असं मी भांडूनच विचारलं. म्हणाले, सांगितलं असतं तर लवूचीही पेटी बाहेर आली असती, मग तुझ्या आईला माहेर कुठलं? आणि लवूने सांगितलं म्हणून गेलो खरा, पण पाय माझेच होते.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. गोदीची थाप मारणारी मी, मलाही नाही. ते प्रकरण फाडून नव्याने लिहितेय. सरांकडे आठ दिवस मागितलेत. दोघांची नावं एकाच पानावर येतील.

पेटी अजून बाबांच्या खाटेखाली आहे. खोलीत आता सातच म्हातारे उरलेत, भिवाकाका त्यातलेच. येत्या रविवारी बाबा पेटी तिथे नेऊन ठेवणार आहेत आणि चार हा आकडा तुम्ही तिथे सांगायचाय. मी म्हटलं, एक बाजू मी धरते. बाबा म्हणाले, तू वही धर. ती कडी लवूची आहे.

सकाळी दहाला घरी या. कुळीथ बांधून ठेवलेत.
मालन